शिसे-विषबाधेची आनुवंशिक ग्रहणशीलता

शिशाची धूळ व वाफ असलेल्या कारखान्यात एकाच जागी, एकच काम आणि सारख्याच मुदतीपर्यंत करणाऱ्या कामगारांपैकी काहींना विषबाधा लवकर होते, काहींना उशिरा होते, तर काहींमध्ये तिची बाह्य लक्षणे दिसतही नाहीत. या फरकाचा जो भाग आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकांमधील (आनुवंशिक लक्षणे पुढील पिढीत नेणाऱ्या एककांमधील) भेदांमुळे घडून येतो, त्याला शिसे-विषबाधेची आनुवंशिक ग्रहणशीलता असे म्हणतात. शिसे-अम्ल बॅटऱ्यांची निर्मिती, भंगार बॅटऱ्या वितळवून शिसे परत मिळविणे, धातू गाळणे, डाखकाम, रंगद्रव्ये व मातीच्या भांड्यांची झिलई तयार करणे, शिसेयुक्त रंग खरवडून काढणे इ. व्यवसायांत या प्रश्नाला महत्त्व आहे. ग्रहणशील कामगार आधीच ओळखता आले, तर त्यांना धोक्यापासून दूर ठेवता येईल, अशी कल्पना या अभ्यासामागे प्रारंभी होती. प्रत्यक्षात मिळालेली माहिती अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्यावरून कामगार निवडावेत की कारखान्यातील हवा सुधारावी, हा या विषयातील मुख्य वाद आहे.

ऐतिहासिक आढावा : शिशाचे दुष्परिणाम प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. ग्रीक वैद्य व कवी निकँडर (इ. स. पू. दुसरे शतक) यांनी पांढऱ्या शिशाने (शिशाच्या क्षारकीय कार्बोनेटाने) होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझीनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात कुंभारांच्या रोगांचे वर्णन केले आहे. झिलईसाठी शिसे दळणाऱ्या या कारागिरांचे हात प्रथम कापू लागतात, मग लुळे पडतात आणि त्यांचे दात गळून जातात, असे त्यांनी नोंदविले. फ्रेंच वैद्य लुई तांकरेल दे प्लांश यांनी १८३९ मध्ये पॅरिसमधील रुग्णालयातील १,२०० हून अधिक रुग्णांच्या निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ लिहिला. शिशाचा शूल, सांधेदुखी, पक्षाघात व मेंदूचे विकार यांची तपशीलवार नोंद त्यात आढळते.

ब्रिटनमध्ये शिशाची विषबाधा १८९५ पासून सरकारला कळविण्याजोगा रोग ठरली. स्त्रियांना विषबाधा अधिक सहजपणे होते या समजुतीने १८९८ मध्ये पांढऱ्या शिशाच्या कारखान्यांतील धोकादायक कामांवर त्यांना बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून टॉमस लेग यांची नेमणूक झाली. व्यक्तिव्यक्तींतील फरक लेग यांना माहीत होता. तथापि मालकाने शक्य ते सर्व उपाय केल्याशिवाय कामगार स्वतःच्या रक्षणासाठी जवळजवळ काहीच करू शकत नाही, हे तत्त्व त्यांनी अनुभवावरून मांडले. घरांच्या रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्ये झाला होता. ब्रिटिश सरकारने त्याला मान्यता देण्याचे नाकारले, तेव्हा १९२६ मध्ये लेग यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला.

आनुवंशिकीच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी वेगळ्या मार्गाने आली. इंग्रज वैद्य आर्चिबॉल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये अल्कॅप्टोन्यूरिया या जन्मजात विकाराच्या अभ्यासावरून ‘रासायनिक व्यक्तित्वा’ची कल्पना मांडली. चेहऱ्यांप्रमाणेच माणसांच्या शरीरांतील रासायनिक क्रियाही अगदी सारख्या नसतात, असा तिचा आशय आहे. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३८ मध्ये ती कल्पना व्यवसायजन्य रोगांना लावून दाखविली. कुंभारकाम करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक श्वासनलिकादाहाने मरत नाहीत. तेव्हा या रोगाला बळी पडणाऱ्यांची जन्मजात घडण वेगळी असण्याचा संभव आहे आणि तसे असल्यास त्यांना त्या धंद्यात न घेता रोग टाळता येईल, असे त्यांनी सुचविले. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. व्यवसायजन्य रोगांतील आनुवंशिक चाचण्यांच्या चर्चेत त्यांच्या या सूचनेचा उल्लेख नेहमी केला जातो.

शिशाचा शरीरातील प्रवास : कारखान्यात शिसे मुख्यतः श्वासावाटे व काही प्रमाणात तोंडावाटे शरीरात जाते. फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचलेले सूक्ष्म कण बहुतांशी रक्तात शोषले जातात. गिळलेल्या शिशापैकी प्रौढांमध्ये साधारणपणे दहावा भाग शोषला जातो. उपाशीपोटी हे प्रमाण पुष्कळच वाढते, तर लहान मुलांत ते ४० ते ५० टक्क्यांपर्यंत असते. रक्तातील शिशापैकी ९५ टक्क्यांहून अधिक शिसे तांबड्या कोशिकांत (पेशींत) असते. रक्तद्रवातील उरलेल्या अल्पशा भागातून ते मेंदू, वृक्क (मूत्रपिंड) व अस्थी यांच्यात जाते. रासायनिक वर्तनात कॅल्शियमाशी साम्य असल्यामुळे शिसे अस्थींमध्ये साठते. प्रौढाच्या शरीरातील एकूण शिशाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अस्थींत असतो.

रक्तातील शिशाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक महिना लागतो, अस्थींतील शिशाला मात्र दशके लागतात. म्हणून रक्तातील प्रमाण मुख्यतः अलीकडील संपर्क दर्शविते आणि अस्थींतील प्रमाण आयुष्यभराच्या संपर्काचा हिशेब सांगते. रक्तातील प्रमाण एक डेसिलिटर (१०० घ. सेंमी.) रक्तात किती मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दशलक्षांश भाग) शिसे आहे या स्वरूपात देतात. शोषण, तांबड्या कोशिकांतील बंधन, अस्थींतील साठवण व उत्सर्जन यांपैकी प्रत्येक टप्प्यावर प्रथिने काम करीत असतात. प्रथिनांची रचना जनुकांवर अवलंबून असल्यामुळे या प्रत्येक टप्प्यावर आनुवंशिक फरकाला वाव आहे.

हीम संश्लेषण व शिसे : तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिन या रंगद्रव्याच्या लोहयुक्त भागाला हीम म्हणतात. हीम तयार होण्याची क्रिया आठ टप्प्यांत पूर्ण होते व प्रत्येक टप्प्यास एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडून येण्यास मदत करणारे प्रथिन) लागते. दुसऱ्या टप्प्यात डेल्टा-ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्लाचे दोन रेणू एकत्र येऊन पोर्फोबिलिनोजेन हे संयुग बनते. हे काम करणाऱ्या एंझाइमाला डेल्टा-ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल डिहायड्रेटेज म्हणतात. पुढील विवेचनात त्याचा उल्लेख ‘ॲलाड’ या संक्षिप्त नावाने व अम्लाचा उल्लेख ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल असा केला आहे.

ॲलाडाचा रेणू आठ सारख्या उपघटकांचा बनलेला असून त्याच्या कार्यास जस्ताची आवश्यकता असते. शिसे जस्ताला बाजूस सारून त्याची जागा घेते व एंझाइम निष्क्रिय होते. रक्तातील शिशाचे प्रमाण १० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतानाही ही निष्क्रियता मोजता येते. शेवटच्या टप्प्यात पोर्फिरीन वलयात लोह बसविणाऱ्या फेरोकिलेटेज या एंझाइमाच्या कार्यातही शिशामुळे व्यत्यय येतो. त्यामुळे लोहाऐवजी जस्त बसलेले जस्त-प्रोटोपोर्फिरीन तांबड्या कोशिकांत वाढते. कामगारांच्या तपासणीत मूत्रातील ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल व रक्तातील जस्त-प्रोटोपोर्फिरीन मोजण्याची पद्धत यामुळेच रूढ झाली. साठलेले ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल तंत्रिका तंत्रातील (मज्जासंस्थेतील) गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल या संदेशवाहक द्रव्याशी रचनेने मिळतेजुळते आहे. शिशाच्या मज्जाविकारांत त्याचा वाटा असावा, असे मानले जाते.

ॲलाड जनुकाची बहुरूपता : हे जनुक नवव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. इटलीतील जी. बातिस्तुझी व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये या एंझाइमाची आनुवंशिक बहुरूपता (एकाच जनुकाची एकाहून अधिक रूपे समाजात नित्य आढळणे) दाखवून दिली. या जनुकाची दोन प्रमुख रूपे असून त्यांना ॲलाड-१ व ॲलाड-२ म्हणतात. दुसऱ्या रूपात प्रथिनाच्या साखळीतील ५९ व्या स्थानी लायसिनाऐवजी ॲस्परजीन हे ॲमिनो अम्ल असते. लायसिनावर धन विद्युत् भार असतो, ॲस्परजिनावर तो नसतो. त्यामुळे ॲलाड-२ उपघटक असलेले एंझाइम अधिक ऋण भारित असते व शिसे अधिक घट्ट धरून ठेवते, असे स्पष्टीकरण दिले जाते.

प्रत्येक व्यक्तीत या जनुकाच्या दोन प्रती असल्याने १-१, १-२ व २-२ असे तीन प्रकार संभवतात. यूरोपीय वंशाच्या लोकसमूहांत ॲलाड-२ ची वारंवारता साधारणतः १० टक्के आहे. त्यावरून १०० व्यक्तींमध्ये सुमारे ८१ जण १-१, १८ जण १-२ व एक जण २-२ या प्रकारचा असावा, असा हिशेब येतो. आशियाई व आफ्रिकी लोकसमूहांत हे रूप सामान्यतः कमी आढळते. दक्षिण कोरियातील शिसे-उद्योगांत काम करणाऱ्या सुमारे ८०० व्यक्तींच्या पाहणीत जवळजवळ १० टक्के कामगार १-२ प्रकारचे आढळले.

जर्मनीतील शिसे कारखान्यातील २०२ कामगारांच्या अभ्यासात (१९८६) ॲलाड-२ धारण करणाऱ्यांच्या रक्तात शिसे अधिक असल्याचे दिसून आले. न्यूयॉर्कमधील बालकांच्या रक्तचाचण्यांतही हाच कल आढळला. या दोन्ही गटांची माहिती १९९१ मध्ये एकत्र तपासली असता धारकांच्या रक्तातील शिशाची मध्यगा इतरांपेक्षा ९ ते ११ मायक्रोग्रॅमने अधिक भरली. या निष्कर्षामुळे ॲलाड-२ हे ‘शिसे-ग्रहणशीलतेचे जनुक’ मानले जाऊ लागले. पुढे अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत मात्र एवढा मोठा फरक आढळला नाही. त्या सर्व एकत्र करून २००७ मध्ये केलेल्या विश्लेषणात सरासरी फरक सुमारे २ मायक्रोग्रॅम आला. संपर्क अल्प असतो तेव्हा फरक जवळजवळ दिसत नाही, संपर्क जास्त असतो तेव्हा तो ठळक होतो.

ग्रहणशीलतेचा दुहेरी अर्थ : तांबड्या कोशिकांतील शिसे हीमोग्लोबिनाला चिकटून असते, असे दीर्घकाळ समजले जात होते. स्वीडनमध्ये १९९० नंतरच्या दशकात झालेल्या संशोधनातून तेथे शिसे धरून ठेवणारे प्रमुख प्रथिन ॲलाडच असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे आधीच्या निष्कर्षांचा अर्थ नव्याने लावावा लागला. ॲलाड-२ धारकांच्या रक्तात शिसे जास्त असते, कारण त्यांचे एंझाइम ते अधिक घट्ट पकडून ठेवते. पण रक्तात अडकून राहिलेले शिसे मेंदू व अस्थी यांच्यापर्यंत कमी प्रमाणात पोहोचत असण्याचा संभव आहे. सारख्या संपर्कातील धारकांमध्ये ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल व जस्त-प्रोटोपोर्फिरीन यांची पातळी अनेक पाहण्यांत कमी आढळली आहे, ही गोष्ट या तर्काला अनुकूल आहे. उलट काही पाहण्यांत धारकांच्या वृक्कांचे कार्य किंचित मंदावल्याची चिन्हे मिळाली आहेत.

याचा अर्थ असा की, एकच जनुकरूप एका अवयवाला संरक्षक व दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. रक्तातील शिसे हे माप घेतले, तर ॲलाड-२ धारक अधिक ग्रहणशील ठरतो. हीम संश्लेषणातील बिघाड हे माप घेतले, तर तोच कामगार कमी ग्रहणशील ठरतो. अमुक कामगार ग्रहणशील आहे, हे विधान कोणत्या इंद्रियासंबंधी व कोणत्या मापाने केले आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ राहत नाही. तसेच दोन कामगारांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अगदी सारखे असले, तरी त्यांच्या शरीरांवरील भार सारखा असेलच असे नाही.

इतर जनुके : ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाचे) जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. हे जीवनसत्त्व आतड्यातील कॅल्शियमाच्या शोषणाचे व अस्थींतील त्याच्या देवघेवीचे नियंत्रण करीत असल्यामुळे शिशाच्या हालचालींवरही त्याचा परिणाम होतो. कोरियातील कामगारांत या जनुकाच्या एका रूपाशी रक्तातील व नडगीच्या हाडातील शिशाच्या वाढीव प्रमाणाचा संबंध आढळला. सहाव्या गुणसूत्रावरील एचएफई जनुकातील बदलांमुळे शरीरात लोह फाजील साठण्याचा हीमोक्रोमॅटोसिस हा विकार होतो. लोह व शिसे आतड्यातून अंशतः एकाच मार्गाने शोषले जात असल्याने या बदलांचाही अभ्यास झाला आहे. त्यातील निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. काही पाहण्यांत धारकांच्या शरीरात शिसे अधिक, तर काहींत कमी आढळले.

याहून वेगळा वर्ग विरळा जन्मजात दोषांचा आहे. ॲलाड एंझाइम जवळजवळ नसण्याचा पोर्फिरिया हा विकार जर्मन संशोधक मानफ्रेट डॉस यांनी १९७९ मध्ये वर्णिला. त्याचे रुग्ण जगात फारच थोडे आहेत. त्यातील दोषाची एकच प्रत असलेल्या व्यक्तीत एंझाइमाची क्रियाशीलता निम्मी असते. एरव्ही ती निरोगी असली, तरी शिशाच्या माफक संपर्कानेही तिला तीव्र त्रास होऊ शकतो. लक्षणे व शिशाची पातळी यांत मेळ नसेल, तर वैद्याने या शक्यतेचा विचार करणे इष्ट ठरते. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या एंझाइमाची न्यूनता हिवतापग्रस्त प्रदेशांत पुष्कळ आढळते. तीमुळे शिशाने होणारा रक्तविनाश वाढतो असे पूर्वी सुचविले गेले होते, पण त्यास पुरेसा पुरावा मिळालेला नाही.

आनुवंशिकतेव्यतिरिक्त घटक : कामगाराकामगारांतील फरकाचा मोठा भाग जनुकांशी संबंधित नसतो. कष्टाचे काम करणारा मनुष्य अधिक हवा आत घेतो, तेव्हा त्याच्या शरीरात धूळही अधिक जाते. लोह व कॅल्शियम यांची आहारातील कमतरता शिशाचे शोषण वाढविते, म्हणून पांडुरोगी व अर्धपोटी कामगाराला धोका जास्त असतो. न धुतलेल्या हातांनी भाकरी खाणे, कामाच्या जागी तंबाखू मळणे किंवा बिडी ओढणे यांमुळे शिसे तोंडावाटे जाते. गरोदरपण, स्तनपान व वार्धक्य या अवस्थांत अस्थींतील जुने शिसे पुन्हा रक्तात उतरते. कामाचे कपडे घरी नेल्यास त्यांवरील धुळीने मुलाबाळांनाही विषबाधा होते. हे सर्व घटक बदलता येण्याजोगे आहेत, हा त्यांचा व जनुकांचा महत्त्वाचा भेद होय.

चाचणीचे मूल्य : कामगाराचा जनुकप्रकार ठरविणे आज तांत्रिक दृष्ट्या सोपे आहे. त्यावरून कामगार निवडल्यास किती लाभ होईल, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कारखान्यात १०० कामगार असून त्यांपैकी २० जण ॲलाड-२ धारक आहेत आणि त्यांच्या रक्तातील शिसे इतरांपेक्षा सरासरीने २ मायक्रोग्रॅम अधिक आहे, असे समजू. या २० जणांना काढून त्यांच्या जागी १-१ प्रकारचे कामगार घेतले, तर संपूर्ण गटाची सरासरी केवळ ०.४ मायक्रोग्रॅमने खाली येईल. इतरांच्या रक्तातील पातळी जर ४५ असेल, तर नव्या गटातील प्रत्येकाची सरासरी पातळीही तीच राहील व ती अपायकारकच असेल. विषारी हवा जशीच्या तशी राहून २० जणांची रोजी मात्र जाईल. याउलट धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसविल्यास शंभरही जणांना लाभ होतो आणि त्यासाठी कोणाचाही जनुकप्रकार माहीत असावा लागत नाही.

आणखी एक अडचण अशी की, १-१ प्रकारच्या कामगाराला ‘सुरक्षित’ असा शिक्का मिळाल्यास त्याच्या बाबतीत ढिलाई होण्याचा धोका असतो. वस्तुतः शिशाने कोणतेही नुकसान होत नाही असा जनुकप्रकार माहीत नाही. रक्तदाब, वृक्क व बुद्धी यांवरील परिणाम पूर्वी निर्धोक मानलेल्या पातळ्यांनाही आढळून आले आहेत.

सामाजिक व कायदेविषयक बाजू : कारखाना न सुधारता कामगार निवडण्याचे परिणाम काय होतात, हे शिसे-उद्योगाच्या इतिहासात आनुवंशिक चाचण्यांच्या आधीच दिसून आले होते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एका रंगद्रव्य कारखान्याने अपत्यक्षम स्त्रियांना शिशाच्या विभागात काम करण्यास मनाई केली. तेव्हा १९७८ मध्ये पाच स्त्रियांनी नोकरी टिकविण्यासाठी वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली. बॅटऱ्या बनविणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा अशाच स्वरूपाचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये जॉन्सन कंट्रोल्स खटल्यात बेकायदा ठरविला. त्या प्रकरणांत भेद स्त्री-पुरुष असा होता, परंतु जनुकावरून निवड करण्यामागील युक्तिवाद त्याच प्रकारचा आहे. दोन्ही ठिकाणी दोष कामाच्या जागेत न शोधता कामगाराच्या शरीरात शोधला जातो.

कामगाराचे वेतन न तोडता त्याला संरक्षण देण्याचा मार्ग अमेरिकेच्या १९७८ च्या शिसे-मानकात आढळतो. या मानकाने कारखान्याच्या हवेतील शिशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घन मीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरविली. रक्तातील शिसे ६० मायक्रोग्रॅम किंवा अधिक झाल्यास कामगाराला शिशाच्या कामावरून हलवावे, ते ४० खाली आल्यावरच परत घ्यावे व दरम्यान १८ महिन्यांपर्यंत त्याचे वेतन व सेवाज्येष्ठता कायम राखावी, अशी तरतूद त्यात आहे. येथे कामगाराला हलविण्याचा आधार प्रत्यक्ष मोजलेली पातळी हा आहे, जन्मजात प्रकार नव्हे. शिवाय हलविण्याचा खर्च मालकावर पडत असल्याने हवा स्वच्छ ठेवण्यात त्याचाही लाभ असतो.

अमेरिकेच्या संसदेच्या तंत्रविद्या मूल्यमापन कार्यालयाने १९८३ व १९९० मध्ये कामाच्या ठिकाणच्या आनुवंशिक चाचण्यांसंबंधी अहवाल प्रसिद्ध केले. युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जीनोमविषयक जाहीरनाम्यात आनुवंशिक लक्षणांवरून भेदभाव करण्यास विरोध नोंदविलेला आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने नोकरी देताना किंवा काढताना आनुवंशिक माहितीचा उपयोग करण्यास मनाई करण्यात आली. विषारी द्रव्यांचा कामगारांच्या आनुवंशिक द्रव्यावर होणारा परिणाम तपासण्यास मात्र काही अटींवर त्यात मुभा आहे.

भारतातील स्थिती : भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमान्वये शिशाची विषबाधा कळविण्याजोगा रोग ठरविण्यात आली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीत हवेतील शिशाची मर्यादा दर घन मीटरला ०.१५ मिग्रॅ. अशी ठरविण्यात आली. ती अमेरिकेच्या उपरोक्त मर्यादेच्या तिप्पट होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेतही कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत शिशाच्या विषबाधेचा समावेश आहे. पेट्रोलमधील शिसे २००० मध्ये बंद झाले आणि घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भाग एवढी खाली आणली. त्यामुळे सर्वसामान्य जनतेचा संपर्क घटला. बॅटऱ्यांचा वापर मात्र वाढत गेल्याने व्यवसायजन्य संपर्काचे महत्त्व टिकून आहे. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगार व चांदीचे दागिने घडविणारे कारागीर यांच्या पाहण्यांत रक्तातील शिसे वाढलेले व ॲलाडाची क्रियाशीलता घटलेली आढळली आहे. भंगार बॅटऱ्या फोडून उघड्या भट्टीत शिसे वितळविणारे व घरगुती कारागिरी करणारे अनेक जण नोंदणीकृत कारखान्यांच्या बाहेर असल्याने त्यांची नियमित रक्ततपासणी होत नाही. त्यांच्या बाबतीत जनुकप्रकाराच्या आधी रक्तातील शिसे मोजण्याची, धुराडी व हात धुण्याची सोय असण्याची आणि पुरेशा आहाराची गरज आहे.

उपयोग व मर्यादा : आनुवंशिक ग्रहणशीलतेच्या अभ्यासाचा खरा उपयोग तीन ठिकाणी आहे. पहिला उपयोग शिशाच्या शरीरातील वाटचालीचे ज्ञान मिळविण्यात होतो. तांबड्या कोशिकेत शिसे कोठे बांधले जाते, हे कळण्यास या संशोधनाचा हातभार लागला. दुसरा उपयोग रक्तचाचणीचा अर्थ लावताना होतो. एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक व्यक्तीत थोडा निराळा असू शकतो, हे ध्यानात घेऊन वैद्याला लक्षणे व इतर चाचण्या यांची सांगड घालता येते. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा उपयोग मर्यादा ठरविण्यात आहे. सरासरी कामगाराला सोसेल अशी मर्यादा ठरविली, तर ज्यांची घडण वेगळी आहे ते तिच्याबाहेर राहतात. समाजात असे लोक नेहमीच असतात व ते थोडे नसतात, हे आनुवंशिकीने सिद्ध केले आहे. म्हणून हवेतील व रक्तातील शिशाच्या मर्यादा सर्वांत ग्रहणशील व्यक्तीही सुरक्षित राहील अशा बेताने आखणे आवश्यक ठरते. संशोधनासाठी कामगारांचे रक्त घेताना त्यांची समजून-उमजून दिलेली संमती असावी आणि मिळालेली माहिती मालकापासून गुप्त राखावी, हे पथ्यही तितकेच महत्त्वाचे आहे.